दातांना तार लावायची, पण कधी?

प्रश्न : मुलगी ८ वर्षांची आहे. वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे आणि दात बाहेर फाकल्यासारखे दिसतात. सासूबाई म्हणतात, आत्ताच तार लावा, एकदा दात पक्के झाले की हलणार नाहीत.

उत्तर : फट लहान असेल, साधारण २ मिलिमीटरपर्यंत, तर थांबा. या वयात कायमचे सुळे अजून हाडातच असतात. खाली उतरताना ते शेजारच्या पटाशीच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, त्यामुळे दातांची टोकं फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे बाहेर आले की अशी फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. फट त्याहून मोठी असेल, किंवा एक दात येऊन सहा महिने झाले तरी जोडीचा आला नसेल, तर मात्र एक्स-रे काढून घ्या. कधी कधी मध्ये एखादा जादा दात अडलेला असतो.

सासूबाईंची काळजी समजते, पण दात हलण्याला वयाची मर्यादा नाही. आणि एक कळकळीची विनंती : फट मिटवायला घरी दातांना रबरबँड अडकवू नका. तो सरकत हिरडीखाली जातो, मुळाभोवतीचं हाड खातो आणि चांगले दात कायमचे गमवावे लागतात.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा. तोंड मिटल्यावर त्याचे खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. ओळखीचे सगळे सांगतात, आधी सगळे दात बदलू द्या.

उत्तर : हा सल्ला बहुतेक मुलांच्या बाबतीत बरोबर आहे, तुमच्या मुलाच्या बाबतीत नाही. एखादाच दात आत वळला असेल तर साध्या क्लिपने काही महिन्यांत काम होतं. पण वरचा जबडाच मागे राहिला असेल, तर त्याला पुढे आणणारा फेसमास्क, म्हणजे चेहऱ्यावर बाहेरून लावायचं उपकरण, साधारण आठ ते दहा वर्षांपर्यंतच चांगला उपयोगी पडतो. तो रोज बारा-चौदा तास लावावा लागतो. टाळूच्या मध्यावरचा सांधाही या वयात मोकळा असतो, म्हणून अरुंद टाळू रुंद करता येते. वाढ संपल्यावर हेच काम अनेकदा शस्त्रक्रियेने करावं लागतं. चावताना खालचा जबडा एका बाजूला सरकणाऱ्या मुलांनीही असंच थांबून राहू नये.

म्हणूनच पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करावी, अशी अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेची शिफारस आहे आणि मला ती पूर्ण पटते. तोपर्यंत बहुतेक मुलांच्या पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात, त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. तपासायला गेलात म्हणजे लगेच तार लागेल असं नाही. बहुतेक पालकांना डॉक्टर सांगतील, वर्षभराने पुन्हा या.

प्रश्न : साडेसहा वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ किडली आहे. पडणारच आहे, तर काढून टाकू का?

उत्तर : वाचवता येत असेल तर नका काढू. दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. तीन-चार वर्षं आधी दाढ गेली की मागची कायमची दाढ पुढे सरकते, खाली येणाऱ्या दाताची जागा खाते आणि तो दात वाकडा येतो किंवा अडकतो. काढावीच लागली, तर जागा राखणारं छोटं उपकरण, म्हणजे स्पेस मेंटेनर, बसवायचा की नाही ते लगेच विचारा.

सहाव्या वर्षी येणारी ही मागची दाढ कोणताही दात न पडता येते. त्यामुळे कित्येक घरांत तिला दुधाचीच समजतात आणि ती किडेपर्यंत कुणी बघत नाही. आज रात्री मुलीला तोंड उघडायला सांगा आणि सगळ्यात मागची दाढ नीट घासली जाते का ते पाहा.

प्रश्न : मुलगा ५ वर्षांचा, झोपताना अंगठा चोखतो.

उत्तर : पुढचे कायमचे दात येण्याआधी, म्हणजे साधारण सहाव्या वर्षाच्या आत, सवय सुटली तर चोखण्यामुळे वरच्या-खालच्या दातांत पडलेली फट बऱ्याचदा आपोआप भरून येते. मिरची किंवा कडू काहीतरी लावणं, चारचौघांत रागावणं टाळा. ज्या रात्री अंगठा तोंडात गेला नाही, त्या सकाळी कौतुक करा. तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही दाखवा.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची. वरचे दात पुढे आहेत, खालचा जबडा मागे वाटतो. शाळेत चिडवतात. दहावी झाल्यावर तार लावली तर?

उत्तर : दात तेव्हाही सरळ होतील, पण जबड्याच्या वाढीची संधी निघून जाईल. खालच्या जबड्यासाठीचं काढता-घालता येणारं उपकरण उंची झपाट्याने वाढते त्या काळात सर्वांत चांगलं काम करतं. मुलींमध्ये हा काळ साधारण १० ते १२, मुलग्यांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी. आठव्या-नवव्या वर्षीच सुरुवात केली तर शेवटचा निकाल फारसा बदलत नाही, उपचार मात्र लांबतात. अपवाद असा की पुढे आलेले दात पडल्या-आपटल्याने तुटायचा धोका लवकर उपचार घेतल्याने कमी होतो. चिडवण्याने मूल हसताना तोंडावर हात धरू लागलं असेल, तर तेही लवकर सुरू करायला पुरेसं कारण आहे.

तुमच्या मुलीची वेळ आत्ताच आहे. पुढे लागलीच तर तार साधारण दीड ते दोन वर्षं राहते. त्या काळात चिक्की आणि ऊस बंद, दात प्रत्येक जेवणानंतर घासायचे. तार निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं उपकरण, सांगितले तितके दिवस लावायचाच. तो कपाटात राहिला तर दात परत जुन्या जागी सरकू लागतात.