पॉलिमर वाळूत अडकतं कुठे?

प्रश्न : वाळू भरलेल्या नळीतून 1000 पीपीएम (दशलक्ष भागांत 1000 भाग) एचपॅम, म्हणजे पाणी घट्ट करणाऱ्या पॉलिमरचं द्रावण सोडतो. पॉलिमर ट्रेसरच्या (वाळूत न अडकणाऱ्या खुणेच्या पदार्थाच्या) मागून बाहेर येतं आणि दाब चढतच राहतो. हे सगळं अधिशोषण, म्हणजे कणांच्या पृष्ठभागाला चिकटणं, समजायचं का?

उत्तर : नाही. कणांवरच्या मोकळ्या जागा भरल्या की अधिशोषण थांबतं आणि दाब स्थिरावतो. तीन-चार पोअर व्हॉल्यूम (वाळूतल्या सगळ्या मोकळ्या जागेएवढं द्रव म्हणजे एक) गेल्यावरही दाब चढत असेल, तर कुठेतरी चोंदतंय. बहुधा नळीच्या तोंडाशीच. दोन टोकांमधला एकच दाबमापक हे सांगणार नाही. मध्ये दोन ठिकाणी दाब मोजायला टॅप (जोडछिद्रं) काढा. फक्त पहिल्या तुकड्यातला दाब चढत असेल, तर आधी द्रावण तपासा.

पावडर भोवऱ्याच्या उतारावर चिमटीचिमटीने सोडा, 5000 पीपीएमचं द्रावण रात्रभर मंद ढवळा, मग विरळ करा. घाईने जोरात ढवळलं तर साखळ्या तुटतात : द्रावण छान गाळलं जातं, पण घट्टपणा गेलेला असतो. आता 1.2 मायक्रॉनच्या गाळणीतून स्थिर दाबाने गाळा. 200 ते 300 मिलीला लागलेला वेळ भागिले 100 ते 200 मिलीला लागलेला वेळ, हे गुणोत्तर 1.2 च्या वर गेलं तर न फुगलेल्या गुठळ्या आहेत. गाळल्यावर तीव्रता पुन्हा मोजा.

आता पॉलिमर ट्रेसरच्या मागे राहतं त्या उशिराचा हिशेब. सच्छिद्रता (मोकळ्या जागेचा वाटा) 35 टक्के असेल तर 1 मिली पोअर व्हॉल्यूममागे सुमारे 4.9 ग्रॅम वाळू येते. 1000 पीपीएमला 0.1 पोअर व्हॉल्यूम उशीर म्हणजे 100 मायक्रोग्रॅम पॉलिमर, अर्थात ग्रॅममागे साधारण 20 मायक्रोग्रॅम. धारण (वाळूत अडकून राहिलेलं पॉलिमर) तेवढंच राहिलं तर 200 पीपीएमला हाच उशीर 0.5 होईल. वाळूच्या नळीला जोडलेल्या नळ्यांमधलं मृत आकारमान (वाळूबाहेर भरून राहणारं द्रव) वजा केलंत ना? वाळूची नळी लहान असेल तर तेच आकडा खाऊन टाकतं.

मात्र काही बारीक छिद्रांत पॉलिमर शिरतच नाही, त्यामुळे ते ट्रेसरच्या पुढे धावतं आणि उशीर कमी दिसतो. म्हणून पहिल्या फेरीनंतर त्याच क्षारपाण्याने धुवा आणि दुसरी फेरी सोडा. दोन्ही फेऱ्यांत बाहेर आलेल्या तीव्रतेच्या वक्रांमधलं क्षेत्रफळ म्हणजे न सुटणारं धारण. धुणं अर्धवट राहिलं की मागे उरलेलं पॉलिमर दुसऱ्या फेरीला पुढे ढकलतं आणि धारण व पॉलिमर न शिरणाऱ्या छिद्रांचा वाटा, हे दोन्ही आकडे फुगतात. पाच-दहा पोअर व्हॉल्यूम पुरत नाहीत, कधी कधी शंभर लागतात.

शेवटी प्रवाह दुप्पट करा. बाहेरची तीव्रता काही काळ घटली आणि वेग पूर्ववत केल्यावर मूळ पातळीच्या वर गेली, तर तो भाग प्रवाहाच्या जोराने अडकलेला होता.