मोपा ते मुंबई : सव्वा तास कुठला धरायचा?

पहिल्यांदाच विमानाने निघालायस, म्हणून सांगतो. नकाशावर मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला नवा विमानतळ, ते मुंबई सरळ रेघ मारलीस तर जेमतेम ३९० किलोमीटर भरतात. गोव्याच्याच जुन्या दाबोळी विमानतळावरून सव्वाचारशेच्या आसपास, सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून साडेतीनशे. सावंतवाडीहून रस्त्याने मात्र पाचशेच्या घरात जातात, कारण घाट आणि खाड्या विमानाला आडव्या येत नाहीत.

आता ३९० भागिले ताशी ८०० करून अर्ध्या तासात पोचू असं गणित मांडू नकोस. एवढ्या जवळच्या फेरीत विमान पूर्ण वेगात फार वेळ राहतच नाही. चढलं की उतरायला लागतं. तिकिटावरचा सव्वा तास हा जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, आणि मुंबईवर गर्दी असली की आकाशात घिरट्याही. पावसाळ्यात तर त्या हमखास धर. एकदा जुलैत मी अर्धा तास ढगातच फिरत होतो, खाली काहीच दिसेना!

खरा वेळ जातो जमिनीवर. बॅगा घेणारी खिडकी सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोच. मुंबईत बॅगेची वाट आणि ट्रॅफिक वेगळं. सावंतवाडीच्या दारापासून दादरच्या दारापर्यंत सहा तास धर.

आणि हो, तिकिटावर दाबोळी की मोपा, मुंबई की नवी मुंबई, ते नीट वाच. नुसतं ‘गोवा’ बघून माझा मेहुणा दाबोळीला जाऊन बसला होता.