जुन्या अ‍ॅडव्हेंचर बाईकचा दुसरा गिअर सुटतोय? इंजिन उघडण्याआधी ऑइल काढून बघ

मित्रा, लगेच इंजिन उघडायला देऊ नकोस. आधी क्लच केबलचा प्ले (ढिलेपणा) आणि गिअर लिव्हरचं लिंकेज (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणारा दांडा) बघ, जुन्या अ‍ॅडव्हेंचर बाईक आडव्या पडलेल्या असतातच आणि लिव्हर जरासा वाकला तरी गिअर पूर्ण बसत नाही. ते ठीक असेल तर ऑइल गरम असताना काढ आणि ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघ, राखाडी मऊ पेस्ट असेल तर काळजी नको, पण टोकदार कपचे किंवा गिअरच्या दाताचा तुकडा मिळाला तर गाडी अजिबात चालवू नकोस, तुकडा गिअरमध्ये अडकला तर मागचं चाक जागीच लॉक होऊ शकतं.

अ‍ॅक्सिलरेटर पिळून जोर दिल्यावरच गिअर सुटत असेल तर बहुतेक डॉग्जच्या (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या खुंट्यांच्या) कडा गोल झाल्यात किंवा शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकलाय. हे दुरुस्त करायला बहुतेक बाईकमध्ये क्रँककेस (इंजिनचं कवच, ज्यात गिअरबॉक्सही असतो) दोन भागांत उघडावीच लागते, म्हणून एकदा उघडलं की फोर्क, बेअरिंग, सील सगळं तपासून घे आणि झिजलेला गिअर जोडीनेच बदल, एकटा नको. मजुरी परवडत नसेल तर त्याच मॉडेलचं चालू स्थितीतलं जुनं इंजिन शोध, पण बसवायच्या आधी त्याचंही ऑइल काढून बघच.