शिकारीला सगळे वापरतात तो साधा फिक्स्ड ब्लेड चाकू शौकिनांच्या चर्चेत का नसतो?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये ऑफिसातली मंडळी तुम्हाला हरणाच्या शिकारीला घेऊन गेली, तिथे बऱ्याच जणांच्या कमरेला बक या अमेरिकन कंपनीचा 102 नाहीतर 119 हा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे पातं न दुमडणारा चाकू होता, आणि घरी येऊन नेटवर शोधलं तर चाकूचे शौकीन त्याचं नावसुद्धा काढत नाहीत, मग तो चाकू भंगार आहे का? अजिबात नाही. मी बरीच वर्षं इथे शिकारीला जातोय आणि चाकूंचा नादही आहे, त्यामुळे दोन्हीकडची माणसं चांगली माहितीयत.

माझ्या मते मुख्य कारण हे की या चाकूचा गुण टेबलावर दिसतच नाही. फोल्डिंग, म्हणजे पातं मुठीत दुमडणारा चाकू रोज खिशात असतो, हवा तेव्हा काढा, अंगठ्याने उघडा, लॉक कसा बसतो बघा, बंद केल्यावर पातं मधोमध राहतं का बघा, क्लिप कशी, बेअरिंग आहे का, बोलायला विषयच विषय. फिक्स्ड ब्लेडमध्ये काय, एक पातं, एक मूठ, एक म्यान. हलणारा पार्टच नाही त्यामुळे व्हिडिओ काढणाऱ्याचं दोन मिनिटांत सांगून संपतं. त्यात मिशिगनचा बंदुकीचा सीझन 15 ते 30 नोव्हेंबर, म्हणजे ज्याची शिकार तेवढीच त्याचा चाकू उरलेले साडेअकरा महिने ड्रॉवरमध्ये. ऑफिसला कमरेला लावून कोण जाणार?

खरी परीक्षा हरण पडल्यावर. पोट उघडताना पहिला छेद अगदी लहान घ्यायचा, मग डाव्या हाताची दोन बोटं कातड्याखाली घालून ते वर उचलायचं आणि त्या दोन बोटांच्या मधून पातं धार वर करून पुढे सरकवायचं, म्हणजे टोक आतड्याला लागत नाही. लागलं तर आतली घाण मांसावर येते, ज्याने एकदा तो वास घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. नंतर छाती आणि पोटामधला पडदा कापायचा आणि हात कोपरापर्यंत आत घालून श्वासनळी तोडायची, तिथे काही दिसत नाही, सगळं हाताच्या अंदाजाने. बोटं रक्ताने, चरबीने बुळबुळीत झालेली, बाहेर बर्फ. अशा वेळी हात पात्यावर घसरू नये म्हणून मुठीला पुढे आड आहे का, पातं साडेतीन-चार इंचाचं आहे का, याच गोष्टी कामाला येतात. म्हणून मला स्वतःला 119 पेक्षा 102 आवडतो, 119 चं सहा इंची पातं दिसायला देखणं पण छातीच्या आत ते टोक कुठे जाऊन लागतंय ते कळत नाही. 102 चं चार इंची. आणि फोल्डिंग वापरला तर केस आणि चरबी पिव्हटमध्ये, म्हणजे पातं वळतं त्या सांध्यात जाऊन बसते, रात्री टूथब्रशने खरवडत बसा. फिक्स्डला गरम पाणी नि साबण, झालं. आता हे सगळं हातात बिअर घेऊन टेबलावर कसं दाखवणार?

दुसरं स्टील. बक 420एचसी वापरतं आणि शौकिनांना हे नाव म्हणजे स्वस्तातला माल वाटतं, त्यांना एस30व्ही हे महागातलं स्टील किंवा त्याच्या पुढचं काहीतरी पाहिजे. त्याची धार जास्त टिकते हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण 420एचसी चं हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून-थंड करून कडक करणं, बक फार चांगलं करतं, एक हरण त्यात आरामात होतं आणि धार गेलीच तर साध्या दगडावर थोड्या वेळात परत येते, एस30व्ही ला मात्र डायमंड प्लेट घेऊन बसावं लागतं. कॅम्पवर थंडीत कुडकुडत असताना मला धार चटकन परत येणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

बरं, शौकिनांना फिक्स्ड ब्लेडच आवडत नाही असंही नाही. कॅलिफोर्नियातले चाकू बनवणारे बॉब लव्हलेस (2010 मध्ये वारले) यांनी ड्रॉप पॉइंटचा, म्हणजे पाठ टोकाकडे हळूच खाली उतरणारा शिकारी चाकू लोकप्रिय केला, त्यांनी हाताने बनवलेल्या चाकूला आज हजारो डॉलर मिळतात आणि लोक तो काचेच्या कपाटात ठेवतात. म्हणजे साधेपणाचं वावडं नाही, फक्त त्यामागे एक माणूस, एक सही, थोडी दुर्मिळता पाहिजे. कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळणारा चाकू गोळा करण्यात त्यांना मजा वाटत नाही. शिवाय 1964 मध्ये बकनेच 110 फोल्डिंग हंटर काढला आणि कंपनीचं नाव घरोघरी झालं ते त्याच्यामुळे, आपल्याच घरातल्या धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं.

आता तर शिकारी लोकही बदलताहेत, बरेच जण हॅव्हलॉनसारखे बदलत्या पात्यांचे चाकू घेतात. कातडं काढायला ते अप्रतिम, धार गेली की नवीन पातं. पण सांध्यात घालून पिरगाळलं तर पातळ पातं मोडतं आणि मग तो तुकडा मांसात शोधत बसावं लागतं. मला ते नको वाटतं.

आणि मराठीत तुम्हाला चाकूबद्दल जे थोडंफार सापडेल ते शौकिनांच्याच बाजूचं असणार, कारण वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिकार बंद, तो चाकू कामाला लावलेला माणूसच भेटत नाही. इथे ज्यांनी लावलाय ते साठीचे बाप्ये, तेही त्याबद्दल लिहीत नाहीत कारण त्यांना त्यात लिहिण्यासारखं काही वाटतच नाही. तुमच्या ऑफिसातल्या त्या लोकांना विचारा, तासभर बोलतील.

घ्यायचाच असेल तर 102 बिनधास्त घ्या. चामड्याच्या म्यानात मात्र वर्षभर ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि स्टेनलेस असलं तरी पात्यावर डाग पडतात. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळा ठेवा.