‘नथिंग’च्या मागे काय असतं?

इंग्लंडमधल्या रीडिंगहून एका आईनं विचारलंय: ‘मुलगी नऊ वर्षांची. शाळेतून आली की तोंड एवढंसं करून खोलीत जाते. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, “नथिंग.” हल्ली आजीशी व्हिडिओ कॉलवरही बोलत नाही. आमचं काय चुकतंय?’

ताई, दिवसभरात मुलीशी मराठीत काय काय बोललात, ते एका रात्री कागदावर लिहून काढा. मी लिहिलं तेव्हा यादी निघाली ती अशी: ऊठ, आवर, दूध संपव, बूट घाल, टॅब ठेव, झोप. सगळे हुकूम! मैत्रिणींशी मनातलं बोलायला इंग्रजी आणि घरात आज्ञा ऐकायला मराठी, अशी वाटणी आपणच करून टाकलेली असते.

खरं तर आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. हिरमुसणं, रुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, कुढणं, धुसफुसणं. रुसलेल्या मुलाला वाटतं, कुणीतरी समजूत काढायला यावं. ओशाळलेल्याला वाटतं, कुणी बघूसुद्धा नये. दोघांनाही ‘मूड ऑफ’ म्हणून मोकळं झालं, की एकाची समजूत राहून जाते आणि दुसऱ्याच्या आपण हात धुऊन मागे लागतो. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला माणसांनी शब्द दिला तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावना जागवणाऱ्या भागाची, खळबळ कमी झालेली दिसली. प्रयोग मोठ्यांवरचा होता, पण रडणारं पोर ‘तुला वाईट वाटलं ना?’ एवढ्यानं निवतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच.

तेव्हा शाळेच्या फाटकापाशी चौकशी नको. आधी काहीतरी खायला द्या. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो. त्या अंधारात शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीत बोलणं सोपं जातं, कारण डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. सुरुवात स्वतःपासून करा: ‘आज मीटिंगमध्ये माझं नाव परत चुकीचं घेतलं. मी जरा खट्टूच झाले.’ मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. ती बोललीच, तर ‘त्यात काय एवढं’ गिळून टाका, आणि ‘आम्ही तर पावसात चालत शाळेत जायचो’ हेही. ती इंग्रजीत बोलली तर बोलू द्या. तिथे मराठीची शिकवणी नको.

आजीच्या कॉलचं म्हणाल, तर हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक. तुमचे दुपारचे चार म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेनऊ. आजी पेंगुळलेली, मुलगी भुकेली आणि मध्ये आपण: ‘आजीला श्लोक म्हणून दाखव!’ त्यापेक्षा शनिवारी सकाळी फोन नुसता टेकवून ठेवा. आजी भाजी निवडेल, ही चित्र रंगवेल. बोलल्या तर बोलल्या.

मात्र दोन-तीन आठवडे झोप-जेवण बिघडलं, रोज सकाळी पोटात दुखू लागलं, शाळेचं नाव काढताच रडू आलं, तर वर्गशिक्षिकेशी आणि जीपीशी, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरशी, बोला. ‘उगाच कुठे नोंद होईल’ या धास्तीनं आपली बरीच कुटुंबं थांबून राहतात. थांबू नका.

चाइल्डलाइन या तिथल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा ०८०० ११११ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. फ्रिजवर लावून ठेवा. ‘आमच्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर यांच्याशी बोल’ हे लेकीला सांगताना घशात आवंढा येईल. तरी सांगा.