मिठाचे पचन, चयापचय की नियमन?

आरोग्यविषयक मजकुराचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की 'शरीर मिठाचे पचन करते', 'शरीरात मिठाचा चयापचय होतो' आणि 'शरीर मिठावर प्रक्रिया करते' यांपैकी कोणते वाक्य योग्य, आणि अति मिठाने होणाऱ्या अपायाला 'मिठाची विषाक्तता' म्हणावे का.

मला ही तिन्ही वाक्ये खटकतात, पण सारखी नाहीत. 'पचन' हा शब्द 'पच्' म्हणजे शिजवणे या धातूपासून आला असून, अन्नातले मोठे रेणू तोडून शोषण्याजोगे लहान रेणू करणे हा त्याचा शास्त्रीय अर्थ आहे. मीठ पाण्यात विरघळताच सोडियम आणि क्लोराइड यांचे आयन सुटे होतात, त्यामुळे जठर आणि आतड्यांना तोडण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून मीठ पचत नाही, शोषले जाते. लहान आतड्याच्या पेशींत शिरताना सोडियम ग्लुकोजच्या जोडीने जातो आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार जलसंजीवनीच्या एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, ते याच कारणाने.

'चयापचय' म्हणजे चय आणि अपचय, बांधणी आणि मोडणी. सोडियमची यांपैकी काहीच होत नाही. तो सोडियम म्हणूनच येतो आणि मूत्रातून व घामातून सोडियम म्हणूनच जातो. क्लोराइड वाटेत जठरातल्या आम्लाचा घटक होतो खरा, पण तिथेही तो क्लोराइडच राहतो.

'प्रक्रिया करणे' हे चुकीचे नाही, मात्र त्याला सांडपाणी प्रकल्पाचा वास येतो आणि नेमके काय घडते ते त्यातून कळत नाही. घडते ते असे : दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यात विरघळलेले मीठ मोजले तर ते जवळपास दीड किलो भरते. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक परत रक्तात ओढून घेतले जाते आणि साधारण खाल्ले तेवढेच बाहेर सोडले जाते; शेवटच्या टप्प्यावर किती ठेवायचे ते अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ठरवते. इतकी काटेकोर काटकसर चालू असताना 'विल्हेवाट' हा शब्दही बसत नाही. मी 'शरीर मिठाचे नियमन करते' असे लिहीन आणि पुढे गाळणे, परत शोषणे, सोडणे ही साधी क्रियापदे वापरीन.

हिंदी मजकूर समोर असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. मराठी पाठ्यपुस्तकांतला 'क्षार' म्हणजे मिठासारखे कोणतेही संयुग, ज्याला हिंदीत 'लवण' म्हणतात. हिंदीतला 'क्षार' मात्र आपला अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, असतो.

आता विषाक्ततेकडे. 'अक्त' म्हणजे माखलेला, त्यामुळे विषाक्त बाण असू शकतो, अन्नही असू शकते; पण ज्याचा अपाय त्याच्या स्वतःच्या अतिरेकातून होतो त्या मिठाला हे विशेषण शोभत नाही. रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या पट्ट्यात असावा लागतो. थोड्या वेळात फार मीठ पोटात गेले, तर हे प्रमाण वाढून पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, मेंदूच्या पेशी आकसतात, आणि गोंधळलेपणापासून झटके व बेशुद्धीपर्यंत मजल जाते. या तातडीच्या स्थितीला 'मिठाची विषबाधा' म्हणणे योग्य आहे, कारण 'बाधा' या शब्दात रोख पदार्थाच्या जातीवर नसून झालेल्या परिणामावर आहे. रोज थोडे थोडे जास्त मीठ खाऊन वर्षानुवर्षांनी वाढणाऱ्या रक्तदाबाला मात्र विषबाधा म्हणू नये. तिथे 'अतिसेवनाचे दुष्परिणाम' पुरे.

'विषारी' हा शब्द मी मिठासाठी टाळतो. जाता जाता, त्याची फोड कोणी हौसेने विष अधिक अरि अशी केली, तर विषाचा शत्रू म्हणजे उतारा असा नेमका उलटा अर्थ निघेल.