कर थकलाय? नोटीस कपाटात ठेवू नका

कर देणं लागतो, पण हातात पैसे नाहीत, अशी पत्रं सारखी येत आहेत. बहुतेकांनी आधी शेजाऱ्याला विचारलेलं असतं, मग एजंटला, आणि मुदत उलटल्यावर मला. म्हणून काही उत्तरं इथेच देते.

प्राप्तिकराचं रिटर्न भरायचंय, पण कराचे पैसे नाहीत. पैसे जमेपर्यंत थांबू का? (हडपसर)

नाही. रिटर्न मुदतीतच भरा. उशीर केलात तर व्याजाच्या जोडीला ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्कही बसेल.

प्राप्तिकराची ३ लाखांची मागणी आली आहे. एक गृहस्थ "अर्ध्यात मिटवून देतो, १५ टक्के आधी द्या" म्हणतात. देऊ का? (धनकवडी)

एक रुपयाही देऊ नका. प्राप्तिकर पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर हे वाचणं थांबवून आधी पासवर्ड बदला.

माणूस अडचणीत आहे म्हणून मूळ कर अर्धा करावा, अशी तरतूद आपल्या प्राप्तिकर कायद्यात नाही. 'विवाद से विश्वास' ही सरकारची तडजोड योजना अपिलात अडकलेल्या वादांसाठी होती आणि २०२४ च्या योजनेत अर्ज करायची मुदत ३० एप्रिल २०२५ ला संपली. तिचं नाव सांगून अजूनही पैसे उकळले जातात, याचा मला मनस्वी संताप येतो. अशा लोकांकडे जातो तो आधीच पिचलेला माणूस.

आधी नोटिशीवरचा डीआयएन, म्हणजे खात्याच्या पत्राचा ओळख क्रमांक, पोर्टलवर तपासा, म्हणजे ती खरी आहे का ते कळेल. मग मागणी बरोबर आहे का ते पाहा. कापलेला टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा कराच्या उताऱ्यात, दिसतो, पण रिटर्नमध्ये धरायचा राहिला, असं पुष्कळदा होतं. तिथे दुरुस्तीचा अर्ज पुरतो आणि त्याला फी नाही. आकारणीच मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करा. अपील चालू असताना वसुली थांबवण्यासाठी साधारणपणे वादातल्या मागणीच्या २० टक्के रक्कम भरायला सांगतात.

मागणी खरी असेल, तर त्याच ३० दिवसांत आकारणी अधिकाऱ्याकडे हप्ते मागा. बँकेचा उतारा, घरखर्च, कर्जाचे हप्ते जोडा आणि झेपेल तो पहिला हप्ता भरूनच अर्ज द्या. हप्ते मिळाले तरी दरमहा १ टक्का व्याज चालूच राहतं. ३ लाखांवर ते महिन्याला ३,००० होतं, म्हणजे तीन वर्षं गप्प बसलात तर १,०८,००० रुपये. हे व्याज माफ किंवा कमी करायचा अधिकार प्रधान आयुक्तांना आहे, पण खरी हलाखी, हाताबाहेरची कारणं आणि खात्याला केलेलं सहकार्य, तिन्ही दाखवावी लागतात. नोटिशीला उत्तरच दिलं नसेल तर सहकार्य कुठून दाखवणार? या आठवड्यातच सगळी कागदपत्रं घेऊन सीएकडे जा.

जीएसटीचे हप्ते मिळतात का? (भोसरी)

मिळू शकतात, जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते, व्याजासह. पण तुम्हीच रिटर्नमध्ये दाखवून न भरलेल्या कराला ही सवलत नाही. तुमची रक्कम कुठल्या प्रकारची आहे ते सल्लागाराकडून तपासून घ्या.

पुणे महापालिकेची अभय (शास्ती माफीची) योजना येईल म्हणून मिळकतकर थांबवला आहे. बरोबर ना? (सदाशिव पेठ)

चूक. अशा योजना येऊन गेल्या आहेत, पण पुढची कधी येईल आणि तुम्ही तिच्यात बसाल का, हे कोण सांगणार? शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, मात्र दरमहा २ टक्के चढतेच आहे. जमेल तेवढं भरत राहा. स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत बिलात लागली आहे का पाहा. नसेल तर त्या सवलतीसाठीच्या पीटी-३ अर्जाची चौकशी कर संकलन कार्यालयात करा.

कर भरता आला नाही तर तुरुंगात टाकतात का? (कोथरूड)

पैसे नसणं हा गुन्हा नाही. असलेले पैसे दडवून कर बुडवणं हा आहे. म्हणून कर थकलेला असताना घर किंवा जमीन कुणाच्या नावावर करायच्या विचारात असाल, तर त्याआधी वकिलाला भेटा.

वडील गेले. त्यांचा थकलेला कर माझ्या पगारातून घेतील का? (वारजे)

वारस म्हणून तुमची जबाबदारी त्यांच्याकडून तुम्हाला आलेल्या मालमत्तेपुरतीच आहे. मात्र ती मालमत्ता कर फेडण्याआधी विकू किंवा वाटू नका, कारण तेवढ्या रकमेला मग तुम्ही स्वतः जबाबदार धरले जाऊ शकता. पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा आणि वाटणीपत्रावर सही करण्याआधी सल्ला घ्या.